धनुष्कोडी रेल्वे स्थानक

तमिळनाडू राज्याच्या रामनाथपुरम् जिल्ह्यातील पांबन (रामेश्वरम्) बेटाच्या आग्नेय टोकावरील एक नष्ट झालेले रेल्वे स्थानक व बंदर. १९१४ ते १९६४ या पन्नास वर्षांत भारतातील लोहमार्ग आणि श्रीलंकेतील (तत्कालीन सिलोन) लोहमार्ग यांना आगबोटींच्या साहाय्याने जोडणारा दुवा म्हणून ते प्रसिद्ध होते. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्री वादळात स्थानक, धक्का आणि त्यांभोवती वसलेले गाव ही सर्व उद्ध्वस्त झाली. त्यानंतर या ठिकाणी पुन्हा रेल्वे आली नाही. वाळूत उभ्या असलेल्या काही भिंती व एक पडकी पाण्याची टाकी एवढेच स्थानकाचे अवशेष आज पाहावयास मिळतात.

स्थान व भूरचना : पांबन बेट आग्नेयीकडे निमुळते होत जाऊन वाळूच्या एका लांब व अरुंद दांड्यात परिणत होते. या दांड्याच्या उत्तरेस पाल्कची सामुद्रधुनी व दक्षिणेस मानारचे आखात आहे. त्याच्या टोकापासून पुढे रामसेतू (ॲडम्स ब्रिज) या नावाने ओळखली जाणारी वाळूच्या बेटांची व उथळ पाण्याची रांग श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत जाते. उत्तरेकडील समुद्र सामान्यतः शांत, तर दक्षिणेकडील खवळलेला असतो. त्यामुळे स्थानिक तमिळ लोक पहिल्यास ‘स्त्री-समुद्र’ व दुसऱ्यास ‘पुरुष-समुद्र’ म्हणतात. दांड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची अत्यल्प असून जमीन संपूर्णपणे वाळूची आहे. १९४८-४९ च्या सुमारास दक्षिण किनाऱ्याचा काही भाग खचून पाण्याखाली गेला, असा भूवैज्ञानिकांचा निष्कर्ष आहे. श्रीलंकेच्या सान्निध्यामुळे बंदरासाठी ही जागा निवडली गेली. तथापि ज्या भूरचनेमुळे तिला महत्त्व आले, तीच पुढे तिच्या विनाशास कारणीभूत ठरली.

‘धनुष्कोडी’ या नावाचा अर्थ ‘धनुष्याचे टोक’ असा होतो. लंकाविजयानंतर बिभीषणाच्या विनंतीवरून रामाने आपल्या धनुष्याच्या टोकाने सेतू भंग केला, अशी आख्यायिका आहे. येथील सागरसंगमावरील स्नान रामेश्वरयात्रेचे एक अंग मानले जाते. काशीची गंगा रामेश्वरास नेऊन वाहावी व सेतूची वाळू उत्तरेस नेऊन गंगेत सोडावी, ही प्रथा महाराष्ट्रातील यात्रेकरूही पाळीत आले आहेत. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली होती. त्यामुळे रेल्वे येण्यापूर्वीही हा मार्ग मराठी भाषकांच्या परिचयाचा होता.

लोहमार्गाची उभारणी : एकोणिसाव्या शतकात सिलोनमध्ये प्रथम कॉफीचे व नंतर चहाचे आणि रबराचे मळे वाढले. या मळ्यांसाठी लागणारा मजूरवर्ग मुख्यतः मद्रास इलाख्याच्या तमिळ जिल्ह्यांतून जात असे. उतारू व टपाल यांची वाहतूक तेव्हा तुतिकोरिन बंदरातून कोलंबोपर्यंत आगबोटीने होई. हा सागरी प्रवास लांबचा होता. पांबनमार्गे गेल्यास समुद्र ओलांडण्याचे अंतर सु. ३५ किमी. इतकेच उरते, हे ध्यानी घेऊन साउथ इंडियन रेल्वे कंपनीने मंडपम्‌च्या पुढे लोहमार्ग वाढविण्याचे काम हाती घेतले. धनुष्कोडी व तलाईमन्नार यांच्यामध्ये सलग पूल बांधण्याची कल्पनाही त्या काळी पुढे आली होती. परंतु ती फार खर्चाची ठरल्याने आगबोटीचा पर्याय स्वीकारण्यात आला.

मुख्य भूमी व पांबन बेट यांमधील खाडीवर १९११ ते १९१३ या काळात सु. २ किमी. लांबीचा पूल बांधण्यात आला. जहाजांच्या वाहतुकीसाठी त्याच्या मध्यभागी शेर्झर पद्धतीचा, दोन्ही बाजूंस उचलला जाणारा गाळा ठेवण्यात आला होता. पुलाचे उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९१४ रोजी झाले. पांबन स्थानकापासून मीटरमापी मार्गास दोन फाटे फुटत. एक रामेश्वरम्‌कडे जाई, तर दुसरा वाळूच्या दांड्यावरून धनुष्कोडीपर्यंत व पुढे धक्क्यापर्यंत जाई. सिलोन सरकारनेही याच सुमारास तलाईमन्नारपर्यंत आपला लोहमार्ग आणल्याने १९१४ पासून मद्रास ते कोलंबो अशी सलग व्यवस्था सुरू झाली.

बोट मेल : मद्रासच्या एग्मोर स्थानकातून सुटून त्रिचनापल्ली, मानामदुराई या मार्गाने धनुष्कोडीस येणारी गाडी ‘इंडो-सिलोन एक्सप्रेस’ अथवा अधिक प्रचारातील ‘बोट मेल’ या नावाने ओळखली जाई. गाडी थेट धक्क्यावर येई. उतारू गाडीतून उतरून समोर उभ्या असलेल्या आगबोटीत चढत आणि तलाईमन्नारच्या धक्क्यावर कोलंबोस जाणारी गाडी त्यांची वाट पाहत असे. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असे. या मार्गावरील सुरुवातीच्या आगबोटींना कर्झन, एल्जिन व हार्डिंज या व्हाइसरॉयांची नावे होती. नंतरच्या काळात ‘आयर्विन’ व ‘गोशेन’ या बोटी प्रसिद्धी पावल्या. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना मात्र मंडपम् येथील सिलोन सरकारच्या छावणीत काही दिवस विलग ठेवून व त्यांची वैद्यकीय तपासणी करूनच पुढे पाठविले जाई. एकाच मार्गावरून जाणारे साहेब, व्यापारी, यात्रेकरू व मजूर यांचे प्रवास अशा प्रकारे फार वेगवेगळे होते.

स्थानक व धक्का यांच्या आश्रयाने धनुष्कोडी येथे एक छोटे परंतु गजबजलेले गाव वसले. जकात कचेरी, बंदर कचेरी, टपाल व तार कचेरी, रेल्वेचे रुग्णालय, शाळा, चर्च, मंदिरे, उपाहारगृहे, धर्मशाळा व कर्मचाऱ्यांची वसाहत तेथे होती. परिसरातील प्रवाळयुक्त दगड व चुना यांचा बांधकामात मोठ्या प्रमाणावर उपयोग केलेला होता. १९५१ मध्ये साउथ इंडियन रेल्वे ही नवनिर्मित दक्षिण रेल्वेत विलीन झाली आणि हे स्थानकही तिच्याकडे आले. स्वातंत्र्योत्तर काळात पारपत्र व नागरिकत्व यांविषयीचे निर्बंध वाढत गेले, तरी बोट मेल चालूच राहिली.

१९६४ चे चक्री वादळ : डिसेंबर १९६४ च्या मध्यास अंदमान समुद्राच्या दक्षिण भागात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला. त्याचे तीव्र चक्री वादळात रूपांतर होऊन ते पश्चिमेकडे सरकले, २२ डिसेंबर रोजी त्याने श्रीलंकेचा उत्तर भाग ओलांडला व त्याच रात्री ते पांबन बेटावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी २४० किमी. वा त्याहून अधिक असावा, असा अंदाज आहे. वादळापेक्षाही त्याबरोबर उसळलेली, सु. सात मी. उंचीची सागरी लाट अधिक विनाशक ठरली. दांड्याची उंची व रुंदी पाहता अशा लाटेपुढे कोणतीही इमारत सुरक्षित राहणे शक्य नव्हते.

त्या रात्री पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पांबन–धनुष्कोडी उतारू गाडी मध्यरात्रीच्या सुमारास धनुष्कोडीजवळ पोहोचली असताना लाटेच्या तडाख्यात सापडली व समुद्रात फेकली गेली. वादळात सिग्नलयंत्रणा बंद पडल्याने गाडी काही वेळ थांबली व नंतर चालकाने ती पुढे नेली, असे सांगितले जाते. परंतु गाडीतील कोणीही जिवंत न राहिल्यामुळे शेवटच्या काही मिनिटांविषयीचे हे कथन अनुमानावरच आधारलेले आहे. अधिकृत आकड्यांनुसार गाडीत ११० उतारू व ५ रेल्वे कर्मचारी होते. हा आकडा विकल्या गेलेल्या तिकिटांवरून काढलेला असल्याने बिनतिकीट उतारूंचा त्यात समावेश नाही आणि प्रत्यक्ष मृतांची संख्या त्याहून जास्त असावी, असे मानले जाते. या वादळात एकूण १,८०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तारा तुटल्यामुळे या दुर्घटनेची वार्ता बाहेर पोहोचण्यासही विलंब लागला. धनुष्कोडी व रामेश्वरम् यांच्या दरम्यान असलेले कोदंडरामस्वामी मंदिर मात्र वादळातून बचावले.

पूल आणि स्थानक : याच वादळात पांबनच्या पुलाचे १४५ पैकी एकशेवीसहून अधिक गाळे वाहून गेले, मधला उचलता गाळा तेवढा शाबूत राहिला. दुरुस्तीसाठी प्रथम सहा महिन्यांची मुदत ठरविण्यात आली होती. पुढे ती कमी करण्यात आली व इ. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे काम सोपविण्यात आले. समुद्रात वाहून गेलेल्या तुळया शोधून व वर काढून त्यांचाच शक्य तितका पुन्हा उपयोग करण्यात आला आणि अवघ्या ४६ दिवसांत पूल वाहतुकीस खुला झाला. कोकण रेल्वे व दिल्ली मेट्रो यांच्या उभारणीसाठी श्रीधरन पुढे ख्यातनाम झाले.

पुलाचा जीर्णोद्धार झाला, परंतु पांबन–धनुष्कोडी फाटा कायमचा सोडून देण्यात आला. मद्रास सरकारने धनुष्कोडी हे गाव मानवी वस्तीस अयोग्य ठरविले. रामेश्वरम् हे यात्रेचे ठिकाण असल्याने तेथवरची रेल्वे आवश्यक होती. उलट धनुष्कोडीचे महत्त्व सर्वस्वी बंदरावर अवलंबून होते आणि तो धक्काच नाहीसा झाला होता. वाळूच्या दांड्यावर पुन्हा तशीच रचना उभारणे म्हणजे तोच धोका पुन्हा पत्करणे होते. अशा प्रकारे मुख्य मार्गाचे टोक नाहीसे होऊन रामेश्वरम्‌चा फाटा हाच मुख्य मार्ग बनला.

या घटनेस आणखी एक पार्श्वभूमी आहे. वादळापूर्वी आठ आठवडेही झाले नव्हते, तोच ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांनी सिलोनमधील भारतीय वंशाच्या नागरिकत्वहीन लोकांविषयी करार केला होता. अशा ९,७५,००० लोकांपैकी ५,२५,००० लोकांना भारताने व ३,००,००० लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, असे त्यात ठरले. उरलेल्यांचा निर्णय पुढे १९७४ मध्ये झाला. ज्या बंदरातून या लोकांचे पूर्वज मळ्यांकडे गेले, ते बंदर त्यांच्या वंशजांची परतीची वेळ आली तेव्हा अस्तित्वात नव्हते. परतणारी कुटुंबे तलाईमन्नारहून बोटीने रामेश्वरम्‌ला उतरली. या मार्गावर पुढे ‘रामानुजम्’ ही बोट चालत असे. श्रीलंकेतील वांशिक संघर्षामुळे १९८४ मध्ये ही सेवाही बंद पडली. तलाईमन्नारचा लोहमार्ग १९९० मध्ये उद्ध्वस्त झाला व २०१५ मध्ये तो पुन्हा सुरू करण्यात आला.

अवशेष : स्थानकाच्या इमारतीच्या काही भिंती व कमानी, पाण्याची पडकी टाकी, छत नसलेले चर्च, तसेच शाळा व टपाल कचेरी यांची भग्न बांधकामे रस्त्यालगतच्या वाळूत विखुरलेली आहेत. रूळ व लाकडी स्लीपर यांचे तुकडे कोठे कोठे वाळूतून डोकावतात. पडलेल्या गिलाव्याखाली प्रवाळाची नक्षी स्पष्ट दिसते. धक्क्याची जागा समुद्राने गिळंकृत केली आहे. खारे वारे व सरकणारी वाळू यांमुळे अवशेषांची झीज सतत होत आहे. वस्तीस अयोग्य ठरविलेल्या या जागी कोळ्यांची काही कुटुंबे झोपड्यांत राहत आली असून मासेमारीखेरीज शंख-शिंपले व खाद्यपदार्थ यांच्या विक्रीवर त्यांचा चरितार्थ चालतो.

अनेक दशके येथे येण्यासाठी मुकुंदरायर छत्रम्‌पर्यंतच पक्का रस्ता होता. त्यापुढील वाट वाळूतून व उथळ पाण्यातून, पायी वा मोटारगाडीने काढावी लागे. २०१७ मध्ये तेथून टोकावरील अरिचलमुनईपर्यंत सु. ९·५ किमी. लांबीचा रस्ता खुला झाल्यानंतर पर्यटकांची संख्या बरीच वाढली. रामेश्वरम्–धनुष्कोडी लोहमार्ग नव्याने बांधण्याच्या योजनेची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजी झाली. परंतु हा किनारा पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याने तिच्यावर आक्षेप घेतले गेले व ती पुढे सरकली नाही. पांबनच्या जुन्या पुलावरील रेल्वे वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबविण्यात आली व त्याच्या शेजारी उभारलेल्या, मधला गाळा सरळ वर उचलला जाणाऱ्या नव्या पुलाचे उद्‌घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले.

महत्त्व : भारतातील बहुतेक बंद स्थानके वाहतूक घटल्याने किंवा मार्गाचे माप बदलल्याने लोप पावली. चालू स्थितीतील एक आंतरराष्ट्रीय स्थानक एका रात्रीत नाहीसे झाल्याचे धनुष्कोडीसारखे उदाहरण विरळाच आढळते. किनारी लोहमार्गांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते बोधप्रद आहे. पांबनच्या जुन्या पुलावर पुढे वायुवेगमापक बसविण्यात येऊन वाऱ्याचा वेग ताशी ५८ किमी. हून अधिक झाल्यास गाड्या आपोआप रोखण्याची व्यवस्था करण्यात आली. १९६४ मध्ये अशी यंत्रणा असती, तरी धनुष्कोडी गाव वाचले नसते. परंतु पांबनहून त्या रात्री निघालेली गाडी तेथेच थांबली असती.