जुन्या व्हिडिओ गेमची काच : काम नाजूक, जबान पक्की हवी

पुण्याच्या शनिवार पेठेत, म्हणजे जुन्या काळच्या मुर्तजाबादेत, जुने वाडे उतरवून इमारती बांधण्याचे काम गेली कित्येक वर्षे चालू आहे. वाडा रिकामा करताना माळ्यावरचे, फडताळातले सामान खाली येते. त्यात पितळेची भांडी असतात, बंद पडलेले रेडिओ आणि घड्याळे असतात आणि कधी कधी मुलांच्या जुन्या खेळण्यांत हातात धरून खेळायचा एखादा व्हिडिओ गेमही सापडतो. बॅटरी घालून पाहिली तर आवाज येतो, पण चित्र अर्धेच दिसते किंवा दिसतच नाही. मग ती वस्तू भंगाराच्या पोत्यात जाते.

आमच्या वाचकांत घड्याळजी आहेत, रेडिओ-टीव्हीचे मेकॅनिक आहेत, मोबाइल दुरुस्त करणारी तरुण मुले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आमचे म्हणणे असे की, ज्याला सगळे ‘डिस्प्ले गेला’ म्हणून टाकून देतात, त्यातला बराच माल हाताने दुरुस्त होऊ शकतो. मात्र ही काच फुटली तर बाजारात तशी दुसरी सहजासहजी मिळत नाही. म्हणून या धंद्यात हाताइतकीच जबानही पक्की लागते. काम आणि जबान, दोन्हींविषयी क्रमाने सांगतो.

हा माल आला कुठून

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८० साली ‘गेम अँड वॉच’ नावाचे खिशात मावणारे खेळ बाजारात आणले. त्याची कल्पना गुन्पेई योकोई या तंत्रज्ञाची. त्या वेळी कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांत मोठी चढाओढ होती आणि त्यामुळे एलसीडी डिस्प्ले स्वस्त झाले होते. योकोईंचे धोरण असे की, नवे महागडे तंत्र घेण्यापेक्षा जुने, स्वस्त आणि पारखलेले तंत्र घ्यावे आणि त्यातून नवी चीज बनवावी. हे खेळ जगभर ४ कोटींहून अधिक विकले गेले. त्यानंतर १९८९ साली गेमबॉय आला. तो आणि त्याचा रंगीत भाऊ गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांवर गेले.

आपल्याकडे १९९१ पूर्वी परदेशी मालावर कडक निर्बंध होते. आखातात नोकरीला गेलेले आपले भाईबंद सुट्टीला घरी येताना टेपरेकॉर्डर, घड्याळे आणि मुलांसाठी असली खेळणी बॅगेतून आणत. पुढे नव्वदीत ‘ब्रिक गेम’ आला. त्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि पडद्यावर १० आडव्या आणि २० उभ्या चौकोनांत विटा पडत. त्याने गल्लोगल्लीची पोरे वेडी केली. आज ती पोरे चाळिशीला आली आहेत. हाताशी दोन पैसे असल्यामुळे लहानपणची वस्तू पुन्हा चालू करून घेण्याची त्यांना हौस आहे. जुन्या वस्तू जमवणारे शौकीन वेगळेच. गिऱ्हाईक आहे ते असे.

काचेच्या आत काय असते

टीव्हीचे काम केलेल्या माणसाला पिक्चर ट्यूबची सवय असते. इथला प्रकार निराळा. काचेच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये द्रवरूप स्फटिकाचा अगदी सूक्ष्म थर असतो. काचेच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारा, वीज वाहून नेणारा मुलामा असतो. काचेच्या पुढे आणि मागे पोलरायझर नावाची प्लॅस्टिक फिल्म चिकटवलेली असते. मागच्या फिल्मला बहुधा चकचकीत पाठ असते. विजेचा दाब मिळाला की तेवढ्या ठिकाणचा थर प्रकाशाला अडवतो आणि तिथे काळा ठिपका दिसतो. एवढीच करामत आहे.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, काचेला सोल्डर बसत नाही. म्हणून बोर्डावरची वीज काचेपर्यंत नेण्यासाठी कंपन्यांनी दोन उपाय केले : एक रबराची पट्टी, दुसरी चिकटवलेली रिबन. काच साबूत असेल तर बिघाड पुष्कळदा याच सांध्यात असतो आणि म्हणूनच तो हाताने दुरुस्त होऊ शकतो.

तीन दुखणी, तीन इलाज

काचेला हात लावण्याआधी बॅटरीचे घर पाहावे. वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल गळतात, पत्र्यावर हिरवा-पांढरा थर चढतो आणि वीज पुढे जातच नाही. कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन तो थर काढावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. कित्येकदा ‘डिस्प्ले गेला’ म्हणून आलेला खेळ इथेच चालू होतो.

पहिले दुखणे झेब्रा पट्टीचे. ब्रिक गेम, गेम अँड वॉच आणि साध्या कॅल्क्युलेटरमध्ये काच आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे काळे आणि न वाहणारे थर एकाआड एक असतात, म्हणून तिला झेब्रा म्हणतात. धूळ बसली किंवा स्क्रू सैल झाले की चित्राचे तुकडे नाहीसे होतात. पट्टी चिमट्याने काढावी, बोटे लावू नयेत, कारण हाताचा तेलकटपणाच बिघाड करतो. पट्टी आणि काचेची कड अल्कोहोलने हलकेच पुसावी. बोर्डावरचे पट्टे पांढऱ्या खोडरबराने साफ करावेत. काचेच्या कडेला मात्र खोडरबर किंवा ब्लेड लावू नये. तिथला मुलामा खरवडला गेला की परत येत नाही. स्क्रू बसवताना एकदम एक बाजू आवळू नये. सगळे थोडे थोडे, समोरासमोरचे आवळावेत.

दुसरे दुखणे रिबनचे. जुन्या गेमबॉयमध्ये पडद्यावर उभ्या रेघा गायब होतात. याचे कारण, काचेच्या खालच्या कडेची रिबन सोल्डर केलेली नसते, उष्णतेने चिकटवलेली असते, आणि ती जुनी झाली की सुटू लागते. इथे टीव्हीच्या मेकॅनिकची जुनी सवय घात करते. तो सोल्डर लावायला जातो आणि पट्टी वितळवतो. खरी रीत अशी : खेळ उघडायला तीन पाकळ्यांच्या तोंडाचा पेचकस लागतो, तो आधी आणावा. पुढचा आणि मागचा बोर्ड एका पातळ पट्टीने जोडलेला असतो, तिला झटका देऊ नये. मग खेळ चालू ठेवून, प्लॅस्टिकच्या काडीने रिबन जिथे चिकटलेली आहे तिथे हलके दाबून पाहावे. गेलेली रेघ क्षणभर परत आली तर सांधा सुटला आहे, इलाजाला आशा आहे असे समजावे. नंतर खेळ बंद करून सोल्डरिंग आयर्न कमी तापमानावर ठेवावी आणि तिचे कोरडे, स्वच्छ टोक त्या कडेवरून न थांबता, न घासता, हलक्या दाबाने सरकवावे. थोडे करावे, चालू करून पाहावे, पुन्हा थोडे करावे. एका जागी टोक थांबले की रिबन जळाली. आडव्या रेघा गेल्या असतील तर ते काम याहून अवघड आहे; नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरे दुखणे पोलरायझरचे. उन्हात, दमट माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या खेळात ही फिल्म पिवळी पडते, तिच्यात फुगे येतात किंवा काळसर डाग पडतो. काच ठीक असली तरी चित्र दिसत नाही. जुनी फिल्म ब्लेड आडवे धरून, एका कोपऱ्यातून, अगदी सावकाश सोलावी लागते. खाली राहिलेला गोंद अल्कोहोलने भिजवून काढावा. थिनर किंवा ॲसिटोन प्लॅस्टिकच्या अंगाजवळही आणू नये. नवी फिल्म कापण्याआधी ती चालू डिस्प्लेवर धरून फिरवून पाहावी. एका कोनात चित्र स्वच्छ दिसते. तिथून काटकोनात फिरवली तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. बरोबर कोनाची खूण करूनच कात्री लावावी. या कामात घड्याळजीचा हात सर्वांत बरा चालेल असे आम्हाला वाटते.

जे होत नाही ते होत नाही

काचेला तडा जाऊन शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल तर आतला द्रव हलला आहे. त्याला इलाज नाही. ब्रिक गेममध्ये काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली जी चिप असते ती गेली तरी खेळ संपला. उलट, भर उन्हात गाडीत राहून पडदा पूर्ण काळा झाला असेल तर घाई करू नये. उष्णतेने द्रव आपला गुण तात्पुरता सोडतो. सावलीत थंड झाल्यावर पुष्कळदा पडदा पूर्ववत होतो.

एक धोक्याची सूचना. सेगा कंपनीचा १९९० चा गेम गिअर नावाचा रंगीत खेळ आहे. त्याच्या पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असते. तिला काही शे व्होल्टचा दाब लागतो आणि तिच्यात थोडा पाराही असतो. या खेळाचा पडदा अंधुक होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गळके कपॅसिटर. ते बदलण्याचे काम रेडिओ-टीव्हीच्या कारागिराला जड नाही, पण चालू स्थितीत आत बोट घालू नये आणि ट्यूब फोडू नये.

भांडवल आणि हिशेब

भांडवल थोडे लागते. कमी-जास्त तापमान करता येणारी सोल्डरिंग आयर्न, चिमटे, पेचकस, भिंग, अल्कोहोल, पोलरायझर फिल्म आणि चांगला उजेड. शनिवार पेठेतून अप्पा बळवंत चौक ओलांडला की बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पायी गाठता येते. हत्यारे आणि किरकोळ सामान तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पाहावे. फिल्म आणि खास पेचकस बाहेरून मागवावे लागण्याची तयारी ठेवावी. जागेचे म्हणाल तर एक टेबल पुरते. घरी बसूनही हे काम होऊ शकते.

सराव गिऱ्हाइकाच्या मालावर करू नये. जुन्या बाजारात बंद पडलेले कॅल्क्युलेटर आणि ब्रिक गेम मिळाले तर आणावेत आणि ते उघडून हात बसवावा. नवा ब्रिक गेम आजही स्वस्तात मिळतो, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीला फारसे मोल नाही, पण शिकायला तो उत्तम उस्ताद आहे.

मजुरी वस्तूच्या किमतीवर नव्हे, वेळेवर लावावी. समजा, आपल्या तासाचे मोल २०० रुपये धरले. झेब्रा पट्टीच्या कामाला अर्धा तास गेला तर १०० रुपये होतात. रिबनला दोन तास लागले तर ४०० आणि पोलरायझरला तीन तास लागले तर ६०० अधिक फिल्मची किंमत. तपासणीची थोडी रक्कम वेगळी घ्यावी आणि ती आधी सांगावी, कारण न होणाऱ्या कामातही आपला वेळ जातोच. हा एकट्याने घर चालवणारा धंदा आहे असे आम्ही म्हणत नाही. चालू दुकानाला जोडधंदा म्हणूनच तो धरावा.

जबानीची गोष्ट

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांचा तपशील ग्राहकाला द्यावा, हा त्याचा हेतू. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या खेळाला त्याचा उपयोग नाही. तिथे कंपनी उभी राहत नाही, कारागीरच उभा राहतो. म्हणून चार गोष्टी दुकानात लिहून लावाव्यात असे आम्ही सुचवतो.

एक, वस्तू उघडण्याआधीच सांगावे की काच जुनी आहे आणि दुरुस्तीत पूर्ण जाऊ शकते. गिऱ्हाइकाने ‘हो’ म्हटले तरच पेचकस लावावा आणि ते पावतीवर लिहून घ्यावे. दोन, वस्तू घेताना पडद्याचा चालू स्थितीतला फोटो काढावा, म्हणजे नंतर वाद होत नाही. तीन, रिबनचे काम पुन्हा बिघडू शकते. त्याची हमी थोड्या दिवसांचीच द्यावी, वर्षाची देऊ नये. चार, हल्ली परदेशातून गेमबॉयसाठी नवे चकाचक रंगीत पडदे येतात. ते बसवायला हरकत नाही, पण विचारल्याशिवाय बसवू नयेत आणि काढलेली मूळ काच परत द्यावी. शौकिनाला मूळ काचच हवी असते. ती आपण ठेवून घेतली आणि नवी बसवून ‘दुरुस्त केली’ म्हटले तर ती बेइमानी आहे, मग पडदा कितीही सुंदर दिसो.

दुसऱ्याच्या लहानपणाची एकुलती एक वस्तू आपल्या टेबलावर येते तेव्हा ती माल नसते, अमानत असते. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तेव्हा पुष्कळ चांगल्या मेकॅनिकांचे हात रिकामे झाले. नव्या टीव्हीत पॅनेल गेले की दुरुस्ती परवडत नाही, माणूस नवा टीव्ही घेतो. अशा वेळी ज्या कामात अजून भिंग, चिमटा आणि सबुरी लागते, ते काम आपल्या हुन्नरी बंधूंनी सोडू नये. आधी दहा मोडकी कॅल्क्युलेटर उघडून पाहा, मगच दुकानावर पाटी लावा.