निःशेष भाग

दोनचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा दोनशे छप्पन्न, असा आलेल्या वर्गाचाच पुन्हा वर्ग करीत कोणी पाच पायऱ्या चढला आणि शेवटी त्यात एक मिळवला, तर त्याच्या पुढ्यात ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. आरंभापासून प्रत्येक पायरीवर असाच एक मिळवीत गेल्यास तिच्या आधी ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. एवढ्या दाखल्यावरून, तुलूझच्या न्यायसभेतील हुद्दा सांभाळून फुरसतीत अंकांचे चिंतन करणाऱ्या फेर्माने १६४० मध्ये असे अनुमान बांधले, की ही मालिका कितीही लांबवली तरी तिच्यात मूळ संख्येवाचून दुसरे काही सापडावयाचे नाही; सिद्धता आपल्यापाशी नाही, हे मात्र त्याने प्रांजळपणे कबूल केले.

१७२९ मध्ये गणिती गोल्डबाखने हा प्रश्न पत्रातून सेंट पीटर्सबर्गच्या तरुण ऑयलरच्या कानी घातला, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. ताळा कोणालाही पाहता येईल: त्या भागाकाराची सहाशेपट ४,०२,०२,५०,२००, एकेचाळीसपट २७,४७,१७,०९७, आणि दोहोंची बेरीज आपलीच संख्या.

अशा संख्येचा फैसला सरधोपट मार्गाने करावयाचा, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहण्याची तयारी हवी. परंतु तिच्या प्रत्येक मूळ भाजकाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे, हे ऑयलरने ओळखले, आणि मग १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्यांना वगळताच पाचवा उमेदवार ६४१ हाच उभा राहतो. या नियमाचे बीज फेर्माच्याच एका प्रमेयात आहे, म्हणून मला फेर्माविषयी मनापासून हळहळ वाटते.

याहून सुंदर गोष्ट अशी, की भागाकार न करताही हे पटवता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. तो ६४१ ला एकाने कमी, सबब त्याच्या चौथ्या घाताला ६४१ ने भागता बाकी १ उरते. त्या चौथ्या घातात ५ चा चौथा घात, म्हणजे ६२५, आहे; तो ६४१ ला सोळाने कमी, म्हणून बाकीच्या हिशेबात त्याच्या जागी उणे १६ घालता येतात. सोळा हा २ चा चौथा घात. तो उरलेल्या अठ्ठाविसाव्या घाताला मिळून बत्तिसावा होतो. म्हणजे उणे २ चा बत्तिसावा घात आणि १ यांची बाकी एकच, अर्थात २ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवल्यास बाकी शून्य. आणि ती बेरीज म्हणजेच आपली संख्या.

फेर्माच्या त्या पाच मूळ संख्यांना पुढे भूमितीतही मान मिळाला: १७९६ मध्ये गाउसने केवळ पट्टी व कंपास घेऊन सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे त्यांच्याच आधाराने सिद्ध केले. मालिकेत ६५,५३७ च्या पुढील ज्या ज्या संख्येचा निकाल आजवर लागला, ती मूळ नसल्याचेच ठरले आहे.