गुठळी : जखमेत तारक, हृदयात मारक

भाजी चिरताना बोट कापले की आपण ते दाबून धरतो आणि थोड्याच वेळात रक्त थांबते. यात कुणाला नवल वाटत नाही. पण तेवढ्या वेळात रक्तात केवढी धावपळ होते!

एक घनमिलिमीटर रक्तात साधारण दीड ते चार लाख प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका, असतात. एरवी त्या निमूटपणे वाहत असतात. रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे थ्रॉम्बिन नावाचे विकर तयार होते. ते फायब्रिनचे धागे विणायला लावते आणि बिंबिकांनाही जागे करते.

बिंबिकांना हा निरोप कसा पोचतो, याचा उलगडा १९९१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ शॉन कॉफलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. बिंबिकेच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिनचा निरोप घेणारे ग्राही असतात. बहुतेक ग्राहींमध्ये बाहेरचे द्रव्य कुलपात किल्ली बसावी तसे बसते. येथे मात्र किल्ली कुलपालाच बांधलेली, पण झाकलेली असते. थ्रॉम्बिन वरचा तुकडा कात्रीसारखा कापते. उघडे पडलेले टोक वळून त्याच ग्राहीत बसते आणि कुलूप उघडते. कापलेले पुन्हा जोडले जात नाही, म्हणून असा ग्राही एकदाच कामी येतो. जागी झालेली बिंबिका चिकट होते आणि आसपासच्या बिंबिकांनाही बोलावते.

हृदयाच्या रोहिणीतील चरबीचा थर फुटला तरी शरीर त्याला जखमच समजते. तेथे गुठळी होते आणि झटका येतो. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल बिंबिकांची ही आपसातील बोलावणी रोखतात; थ्रॉम्बिनची कात्री नव्हे. थ्रॉम्बिनचा ग्राहीच अडवणारे व्होरापॅक्सर हे औषध अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. पण पूर्वी पक्षाघात झालेल्यांना त्याने मेंदूत रक्तस्रावाचा धोका असल्याने ते त्यांना देत नाहीत. गुठळी रोखावी तर रक्तस्राव वाढतो, असा हा पेच आहे.

माझ्याकडे येणारे काही रुग्ण स्टेंट बसवल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर सोडतात. काही जण शेजाऱ्याचे पाहून ॲस्पिरिन सुरू करतात. माझे कळकळीचे सांगणे आहे, दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. शौचास काळी होत असेल तर विलंब न करता डॉक्टरांकडे जा. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळी चालू असल्याचे आधी सांगा. ती बंद करायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.