महजरांतील ‘हाजिर मजालस’

महजर हातीं आला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम शकाकडे, मग शिक्क्याकडे व शेवटीं निवाड्याकडे जाते. ‘हाजिर मजालस’ या शब्दांखालीं नांवांची जी लांब यादी असते, ती नकलून घेण्याचा मात्र कंटाळा केला जातो. छापतांना तर ती कित्येकदां गाळलीच जाते. प्रस्तुत लेखकाच्या मतें महजराचा प्राण त्या यादींत आहे. गांवाचें शहाणपण कोणत्या स्थितींत एकत्र येत असे, याचा इतका थेट पुरावा दुसरा विरळा.

गोतसभेंत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांजबरोबर बलुतेदारही हजर असत. ज्यास अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. ही केवळ शोभा नव्हे. वतनाचे कागद जळाले वा लुटले गेले असतां बांध कोठें होता, मान कोणाचा होता, हें ज्याला त्याला आपापल्या कामामुळें ठाऊक असे. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष मोलाची मानीत. ज्यास वेशीबाहेर ठेविलें, त्याच्याच स्मरणावर गांवाची शीव ठरे. विसंगत खरें, पण कागद तसेंच सांगतात.

वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा व जामीन आधीं देत. मग तकरीरा, कागद, भोगवटा पाहात. स्थळचें गोत एका पक्षास मिळालें आहे अशी तक्रार आल्यास वाद परस्थळीं नेत. ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण एकाच भीतीखालीं बोलणारीं पन्नास माणसें म्हणजे एकच साक्ष होय.

परंतु परस्थळालाही मर्यादा होती. देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद कोंकणांतून थेट काशीस गेला. १६५७ सालीं विश्वेश्वराच्या मंदिरांतील मुक्तिमंडपांत पंडितांनीं त्यांच्या बाजूनें निर्णयपत्र दिलें, त्यावर सत्तराहून अधिक संमति आहेत. तरी वाद निमाला नाहीं. संमतींची यादी वाचतां कारण उघड दिसतें: शास्त्र जाणणारे सारे तेथें होते, ज्यांनीं घरीं पंक्तीस बसावयाचें ते कोंकणांतच होते.

१८२७ च्या कायदेसंग्रहानंतर असले तंटे अदालतींकडे वळले व महजरांचा ओघ आटला. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक घरांचीं दप्तरें निरुपयोगी समजून माळ्यावर पडलीं. आमच्या दमट हवेंत कसर व वाळवी कागदाच्या कडा प्रथम खाते, आणि निशाण्या पुष्कळदां तेथेंच, समासांत वा शेवटच्या बंदावर असतात. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, बंदांचे जोड सोडवूं नयेत, नक्कल करतांना प्रत्येक नांव गांव व धंद्यासह उतरावें, आणि निशाणीच्या जागीं नुसतें ‘निशाणी’ न लिहितां तिची आकृति काढावी.