बर्फावरचे खेळ टिपताना: थंडी आणि कॅमेऱ्याबद्दलचे सात गैरसमज

लेहची आइस हॉकी आणि गुलमर्गचं स्कीइंग २०२० पासून 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांमुळे देशभरातल्या क्रीडाप्रेमींच्या नजरेत आलं. हे खेळ टिपायला निघालेल्या हौशी फोटोग्राफरला मात्र ऐकीव सल्लेच जास्त मिळतात. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि जानेवारीतल्या रात्री तिथला पारा शून्याखाली १५ अंशांच्या आसपास जातो. तिथे ऐकीव सल्ला महागात पडतो. कॅमेरा थंडी बऱ्यापैकी सोसतो. नुकसान होतं ते आपण थंडी चुकीची समजल्यामुळे.

गैरसमज १: थंडीत बॅटरी बंद पडली म्हणजे ती कामातून गेली.
वस्तुस्थिती: थंडीत लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज घसरतं. कॅमेरा ती संपली असं धरून चालतो, पण बराचसा चार्ज आत शिल्लक असतो. जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाची ऊब मिळाली की तीच बॅटरी पुन्हा चालते. म्हणून दोन-तीन बॅटऱ्या आलटून-पालटून वापराव्यात. गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास तिचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

गैरसमज २: बोचरा वारा सुटला की कॅमेरा हवेपेक्षाही गार होतो.
वस्तुस्थिती: हवामानाच्या ॲपवरचं 'फील्स लाइक' तापमान माणसाच्या त्वचेसाठी असतं. हवा उणे ८ आणि 'फील्स लाइक' उणे १८ असेल, तर कोरडा कॅमेरा उणे ८ च्या खाली जात नाही. वाऱ्यात तो तिथवर लवकर पोचतो, एवढंच.

गैरसमज ३: खेळ संपवून उबदार खोलीत आलो, की कॅमेऱ्याचा धोका टळला.
वस्तुस्थिती: खरा धोका इथेच सुरू होतो. मुंबईत पावसाळ्यात एसी गाडीतून उतरलं की चष्मा धुरकटतो, कारण दमट हवेतलं बाष्प गार काचेवर पाणी होऊन बसतं. हिमालयात हे उलट दिशेने घडतं. बाहेरची हवा कोरडी असते, तर बुखारी (शेगडी) पेटलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाची आणि चहाच्या वाफेची ओल असते. गारठलेला कॅमेरा तिथे उघडा नेला की लेन्सवर, बॉडीवर आणि कधी आतल्या भागांवरही दव धरतं. तसाच ओला कॅमेरा पुन्हा बाहेर नेला तर ते पाणी गोठतं.

उपाय स्वस्त आहे. दारात पाऊल टाकण्याआधी, थंडीतच, कॅमेरा झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घालावा, हवा दाबून काढावी आणि पिशवी बंद करावी. मग दव पिशवीच्या बाहेरून धरतं. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन तास, पिशवी उघडू नये. फोटो तातडीने पाठवायचे असतील तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्यावं.

गैरसमज ४: बर्फावर लख्ख उजेड असतो, म्हणून एक्स्पोजर कमी करावं.
वस्तुस्थिती: कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम उजळ आहे असं धरून चालतो. फ्रेमभर बर्फ असला की मीटर उजेड कापतो आणि पांढरा बर्फ राखाडी, खेळाडूचा चेहरा काळवंडलेला येतो. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दोन स्टॉपने वाढवावं लागतं. स्कीअर गडद कपड्यांत फ्रेमभर आला की मात्र हा हिशोब बदलतो. म्हणून उजेड स्थिर असेल तर मॅन्युअल मोडमध्ये एकदाच नीट बेतून ठेवावं. उन्हात स्क्रीन फसवते, तेव्हा हिस्टोग्राम पाहावा.

गैरसमज ५: शटर वेगवान ठेवला आणि फ्लॅश मारला की ॲक्शन हमखास मिळते.
वस्तुस्थिती: हॉकीपटू करकचून थांबतो तेव्हा स्केटखालून उडणारा बर्फाचा फवारा गोठवायला सेकंदाचा १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतो. पण वेग जाणवून द्यायचा असेल तर १/३० ते १/६० वर खेळाडूसोबत कॅमेरा फिरवणं अधिक बोलकं ठरतं. बर्फ पडत असताना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सजवळचे कणच उजळवतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. ऑटोफोकसही त्याच कणांवर अडकतो. स्कीइंगमध्ये खेळाडू कोणत्या गेटला वळणार हे ठरलेलं असतं, म्हणून तिथे आधीच फोकस धरून वाट पाहावी.

गैरसमज ६: 'वेदर सील्ड' म्हणजे पाणी आत जाणारच नाही.
वस्तुस्थिती: सीलमुळे शिंतोडे आणि धूळ अडते, पण कॅमेरा वॉटरप्रूफ होत नाही. लेन्सला सील नसेल तर बॉडीचं सीलही अपुरं पडतं. लेन्सवरचा बर्फ तोंडाने फुंकू नये. श्वासातलं बाष्प काचेवर गोठतं. ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरावा.

गैरसमज ७: हातमोजे घालून फोटोग्राफी होत नाही.
वस्तुस्थिती: सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं, आणि ते कॅमेऱ्याचं नसतं. उघड्या बोटांना हिमदंश (फ्रॉस्टबाइट) होऊ शकतो. दुखणं थांबून बोटं बधिर झाली, तर ती सरावली असं समजू नये. तो हिमदंशाचा इशारा असू शकतो. आत पातळ मोजे, वर पंजा झाकणारे जाड मिटन्स ही जोडी चालते. शटर दाबण्यापुरता वरचा थर काढायचा आणि लगेच घालायचा. खिशातल्या हीट पॅकमधली लोखंडाची भुकटी ऑक्सिजनवर तापते, त्यामुळे विरळ हवेत तिची ऊब कमी पडते. सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

निघण्याआधी घरीच मोजे घालून फोकस, एक्स्पोजर आणि बॅटरी बदलण्याचा सराव करावा. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घेऊन शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी. उणे तापमानात, अपुऱ्या सोयींत हे खेळाडू जीव तोडून खेळतात. त्यांचा खेळ नीट टिपला जायचा असेल, तर एवढी तयारी आपल्याकडून व्हायलाच हवी.