रानातली विषं – लेखांक ६ : धोत्रा

गेल्या आठवड्यात कुचला पाहिला, आज धोत्रा. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) कुठल्याही वाटेनं शिवारात जा, बांधावर, उकिरड्याकडेला तो आपसूक उगवलेला दिसेल. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला महादेवाला वाहण्यापुरती त्याची आठवण होते. एरवी जनावरंही सहसा त्याला तोंड लावत नाहीत.

त्याचं काटेरी बोंड वाळून उकललं की आत दाटीनं बसलेल्या चपट्या बिया दिसतात. त्या मिरचीच्या बियांत मिसळल्या तर पटकन ओळखू येत नाहीत. मिरचीची बी गोलसर, फिकट पिवळी. धोत्र्याची जरा मोठी, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची. वाटसरूला धोत्रा चारून लुटण्याचे प्रकार आपल्याकडं जुने, म्हणून न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा फरक आजही शिकवतात.

या झाडाच्या मुळापासून बीपर्यंत अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइड्स असतात. नसा अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत ग्रंथींना, आतड्याला, हृदयाला हुकूम देतात. तो हुकूम जिथं पोचायचा, ती जागाच ही अल्कलॉइड्स अडवून बसतात. मग तोंडाला कोरड पडते, घाम थांबतो, अंग तापतं, लघवी तुंबते, नाडी धावते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. माणूस बरळतो, नसलेले धागे बोटांनी ओढत राहतो.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारख्या कीटकनाशकांची विषबाधा नेमकी उलटी असते. अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइमच बंद पडतं. लाळ गळते, घाम फुटतो, छातीत स्राव साठतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या विषांची चर्चा राज्यभर झाली. अशा रुग्णाला वाचवणारं मुख्य औषध म्हणजे अ‍ॅट्रोपीन. इंजेक्शनची छोटी कुपी साधारण ०.६ मिलिग्रॅमची, गंभीर रुग्णाला अशा कुप्यांवर कुप्या लागतात. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत नेतात. पुढं रुग्ण बरळू लागला, अंग तापलं, पोटाची हालचाल थांबली, की डॉक्टर ओळखतात : औषध जास्त झालं. ही सगळी धोत्र्याचीच लक्षणं.

मात्रेइतकंच महत्त्व निदानाला. विंचू चावल्यावरही पूर्वी अ‍ॅट्रोपीन देत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाचे रुग्ण बारकाईनं पाहिले. तिथं फुप्फुसात पाणी होतं ते हृदयावर ताण आल्यामुळं, आणि अ‍ॅट्रोपीन हृदयाला आणखी पळवतं. त्यांनी प्राझोसिन वापरलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. विंचूदंशाचे असंख्य रुग्ण त्या उपचारानं वाचले.

आयुर्वेदात धोत्रा उपविषांत मोडतो. शोधन केल्याशिवाय तो औषधात घेत नाहीत. दम्यावरच्या कनकासवात तो असतो. पण बांधावरच्या दोन झाडांत अल्कलॉइड्सचं प्रमाण सारखं नसतं, एकाच झाडाच्या पानात आणि बीतही नसतं. म्हणून दम्यासाठी पानांची विडी ओढणं, बी वाटून देणं हे प्रयोग घरी करू नका. कुणी धोत्रा खाल्ला किंवा फवारणीनंतर चक्कर-उलटी सुरू झाली, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. औषधानं भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि झाडाची फांदी किंवा औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात : कळलावी.