बल्लू मोठा होतो

मोगली सिवनीचा, हे जगाला ठाऊक आहे. शेरखान कुठला, हे मात्र कुणी विचारत नाही. रुडयार्ड किपलिंगने १८९४ सालच्या ‘द जंगल बुक’मध्ये पहिल्याच गोष्टीत त्याचा पत्ता देऊन ठेवला आहे. लांडग्यांच्या टेकडीपासून वीस मैलांवर, वैनगंगेकाठी राहणारा हा वाघ. म्हणजे आमच्याच, बालाघाटच्या बाजूचा. वारासिवनीहून बालाघाटला जाताना जी नदी ओलांडावी लागते, तीच ही वैनगंगा. नायक सिवनीकरांनी नेला, खलनायक आमच्या वाट्याला आला. पुढे त्याला आवाजही मराठी माणसानेच दिला. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत आलेल्या जपानी मालिकेत शेरखान बोलायचा तो नाना पाटेकरांच्या आवाजात, आणि २०१६ च्या नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तेच होते.

वीस मैलांचा हिशेब घेऊन नकाशावर बसू नका. किपलिंग या भागात कधी आलाच नव्हता. मुंबईत १८६५ साली जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या या माणसाने ‘जंगल बुक’ लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फ पडत असताना. सातपुडा त्याला मिळाला तो पुस्तकांतून, त्यातही रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ साली सिवनीच्या जंगलातल्या मुक्कामांवर लिहिलेल्या पुस्तकातून. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती कर्नल स्लीमनने त्याआधीच छापल्या होत्या, पण त्यांतल्या बहुतेक अवधच्या, आजच्या उत्तर प्रदेशातल्या. असा इकडून तिकडून गोळा केलेला मोगली वैनगंगेच्या खोऱ्यात उतरवला गेला. आज पेंचच्या अभयारण्याला त्याचं नाव आहे, मध्य प्रदेशच्या शाळांतली मुलं ‘मोगली बाल उत्सवा’साठी पेंचला जातात. दत्तक घेतलेलं पोर इतकं आपलं झालं की त्याचे मूळ आईबाप कुणी विचारत नाही.

पण बहुतेकांच्या मनातला मोगली पुस्तकातला नसतोच. तो डिस्नेच्या कार्टूनमधला असतो. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रदर्शित झालेला, ७८ मिनिटांचा, वुल्फगँग राइदरमनने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट. वॉल्ट डिस्नेने स्वतः लक्ष घालून करवून घेतलेला हा शेवटचा कार्टूनपट. तो पडद्यावर यायच्या दहा महिने आधी, डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने वारला. बिल पीट या त्याच्या जुन्या कथाकाराने आधी किपलिंगच्या जवळ जाणारी, काळोखी पटकथा बेतली होती. डिस्नेला ती नको होती. वाद झाला, पीट काम सोडून गेला. नव्या लेखकाच्या हातात पुस्तक देताना डिस्नेने ते वाचू नकोस असं बजावलं, असा किस्सा सांगतात. चित्रपट पाहिला की किस्सा खराच असावा असं वाटतं.

लहान मूल मोठं होण्याची गोष्ट म्हणून हा चित्रपट ओळखला जातो. माझं मत जरा वेगळं आहे. यातला मोगली फारसा मोठा होतच नाही. पहिल्या प्रसंगात तो हट्टी असतो, शेवटच्या प्रसंगातही हट्टीच असतो. जंगल सोडायचं नाही, या एकाच गोष्टीवर तो अडून बसतो आणि वाटेत भेटेल त्याची नक्कल करतो. हत्तींच्या कवायतीत तो हत्ती होतो, अस्वलाजवळ अस्वल होतो, माकडांत माकड. गावाच्या वेशीवर पाणी भरायला आलेली मुलगी दिसते आणि इतका वेळचा हट्ट एका कटाक्षात विरघळतो. शेवटची ही कल्पना डिस्नेचीच होती. ऑली जॉन्स्टन या ज्येष्ठ चित्रकाराला ती सुरुवातीला पटली नव्हती. मलाही पटत नाही. दहा वर्षांचं पोर कळशीमागे चालत जातं, याला मोठं होणं कसं म्हणायचं?

मोठा होतो तो बल्लू.

आधी हे अस्वल कथेत जेमतेम पाहुणं होतं. फिल हॅरिस या गायक-नटाने त्याला आवाज दिला, तो सगळ्यांना इतका आवडला की बल्लूचं काम वाढत वाढत कथेचा निम्मा भार त्याच्यावर आला. किपलिंगचा बल्लू शिस्तीचा मास्तर होता, जंगलचा कायदा पाठ करून घेणारा, चुकलं की चापट मारणारा. डिस्नेने तो उलटा केला. हा बल्लू म्हणजे घरोघरी असतो तसा लाडका, बिनकामाचा मामा. पाठ खाजवावी, फळं खावीत, नदीत उताणं पडून वाहत जावं. शिस्तीचं ओझं मग बघीरावर जातं. हा काळा बिबट्या सतत चिडलेला, सतत काळजीत, आणि प्रत्येक वेळी बरोबर. मुलांना तो आवडत नाही. स्वतःला मुलं झाली की मगच आवडू लागतो.

चित्रपटाचं खरं हृदय या दोघांच्या एका रात्रीच्या बोलण्यात आहे. माकडांच्या तावडीतून पोराला सोडवून आणलंय, तो झोपलाय. बघीरा बल्लूला समजावतो : शेरखान याला सोडणार नाही, याला माणसांत पोचवावंच लागेल, आणि हे सांगायचं तूच. बल्लूने तर पोराला शब्द दिलेला असतो. सकाळी तो सांगायला जातो. बोलू लागतो, अडखळतो, विषय बदलतो, पुन्हा सुरुवात करतो. एवढा अगडबंब प्राणी, पण खांदे पडलेले, नजर पोराला टाळणारी. चित्रकारांनी त्या देहाचं वजन असं काही वापरलंय की शब्द ऐकू आले नाहीत तरी प्रसंग कळावा. अखेर तो सांगतो. मोगलीला फसवल्यासारखं वाटतं आणि तो पळून जातो.

लाड करणं सोपं असतं. लाडक्याला नको ते ऐकवणं आणि त्याचा राग पत्करणं, हे बल्लूला आयुष्यात पहिल्यांदाच करावं लागतं. त्यानंतरचा बल्लू वेगळाच आहे. शेरखानच्या शेपटीला तो लटकतो, मार खातो, मेला असं वाटेपर्यंत पडून राहतो. आणि मोगली गावाकडे निघाल्यावर क्षणभर हाक मारून परत बोलावतो खरा, पण शेवटी जाऊ देतो. चित्रपटात कुणाच्या स्वभावाला वळण मिळालं असेल तर ते या अस्वलाच्या.

बाकीची पात्रं भराभर येतात आणि जातात. हत्ती म्हणजे निवृत्त कर्नल, शौर्यपदकांच्या आठवणीत रमलेला. त्याच्यापेक्षा त्याची बायको खमकी. माकडांना राजा दिला तो ओरँगउटानचा, जो सुमात्रा-बोर्निओ सोडून कुठे आढळत नाही. आमच्या जंगलात माकडं आणि वानरं आहेत, त्यांना राजा नाही, आणि किपलिंगच्या गोष्टीत नेमकं तेच महत्त्वाचं होतं. पुस्तकात मोगलीचा मित्र असलेल्या ‘का’ अजगराला चित्रपटाने लबाड करून टाकलं. शेरखान तेवढा फर्मास जमलाय. जॉर्ज सँडर्सच्या सभ्य, कंटाळलेल्या आवाजातला हा वाघ सहसा ओरडत नाही, म्हणूनच भीती वाटते.

प्राण्यांच्या कार्टूनमध्ये मोठ्यांनीच शहाणं होण्याची गोष्ट आपल्याकडे या चित्रपटाच्या दहा वर्षं आधी होऊन गेली आहे. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेला क्लेअर वीक्स हा चित्रकार, मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला, १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. त्याच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी मंडळी तयार झाली आणि १९५७ साली ‘द बॅनियन डिअर’ हा रंगीत कार्टूनपट निघाला. कथा जातकातली. गाभण हरिणीच्या जागी कळपाचा राजा स्वतः मान पुढे करतो आणि ते पाहून माणसांचा राजा शिकार सोडतो. इथेही पाडसाला काही शिकावं लागत नाही, शिकतो तो सिंहासनावरचा. त्याही मागे गेलं तर प्रभातने १९३४ मध्येच ‘जंबूकाका’ हे कोल्ह्याचं कार्टून केलं होतं. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही, त्याची आठवण तेवढी कमी राहिली आहे.

मोगली खरा मोठा होतो तो किपलिंगच्या पुस्तकात, आणि ते वाढणं सुखाचं नाही. लांडग्यांचा कळप त्याला हाकलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि हे काय होतंय ते त्यालाच कळत नाही. गावात तो म्हशी राखणारा ढोरकी होतो. शेरखानला तो चित्रपटातल्यासारखा पेटत्या फांदीने पळवून लावत नाही, मारतो. म्हशींचे दोन कळप घळीच्या दोन्ही तोंडांनी सोडून, मध्ये अडकलेला वाघ तुडवून. ही युक्ती ढोरं राखल्याशिवाय सुचणार नाही. आणि वाघ मारल्यावर गावही त्याला जादूटोणा करणारा म्हणून दगड मारून हाकलतं. जंगलाला तो माणूस वाटतो, गावाला लांडगा. घरात मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, नागपूरला गेलं की ‘एमपीवाले’ आणि भोपाळला गेलं की ‘मराठी’ ऐकून घेणाऱ्या आमच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता खऱ्या जंगलाकडे येऊ, कारण ते आमच्या दाराशी आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या माणसाला अस्वल म्हटलं की बल्लू आठवत नाही, मोहफुलं आठवतात. चैतात पहाटे मोह वेचायला बाया-माणसं जंगलात जातात, आणि त्याच झाडाखाली अस्वलही येतं. वाघ बहुतेक वेळा माणसाला टाळून बाजूला होतो. दचकलेलं अस्वल सरळ तोंडावर येतं, म्हणून जुनी माणसं वाघापेक्षा त्याला जास्त भितात. अस्वलांत पोरं वाढवते ती एकटी आई. पिल्लांना पाठीवर बसवून ती रानभर हिंडते, नराचा त्यात काही वाटा नसतो. काळा बिबट्या मात्र कल्पनेतला नाही. गेल्या काही वर्षांत पेंचमध्ये पर्यटकांनी त्याचे फोटो काढले आहेत.

आणि शेरखानचं बालपण? वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहतं. मग आई त्याला जवळ करेनाशी होते. पेंचची ‘कॉलरवाली’ वाघीण आठ वेतांत २९ पिल्लांना जन्म देऊन १५ जानेवारी २०२२ रोजी गेली. तिच्या जगलेल्या प्रत्येक पिल्लाला एक दिवस स्वतःचं रान शोधायला निघावं लागलं. आईच्या शेजारची जागा मादीला कधी कधी मिळते, नराला बहुधा लांब जावं लागतं. पेंचकडून कान्हाकडे जाणारी जंगलाची पट्टी सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतून जाते. लालबर्रा बाजूचं सोनेवानीचं रान वाघांसाठी ओळखलं जातं ते याच वाटेमुळे. या पट्टीत शेतं आहेत, गावं आहेत, नॅरोगेजची ब्रॉडगेज झालेला गोंदिया-जबलपूर लोहमार्ग आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून वाटा काढून दिल्या आहेत आणि वाघ त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. आतल्या रस्त्यांना तशी सोय नाही.

चित्रपट मुलांना जरूर दाखवा. बल्लू अडखळत बोलतो त्या प्रसंगाला मोबाइल खाली ठेवून शेजारी बसा. आणि लालबर्रा किंवा कटंगीकडच्या जंगलरस्त्याने रात्री गाडी घेऊन जात असाल, तर वेग कमी ठेवा. आईपासून नुकताच वेगळा झालेला वाघ रस्ता ओलांडतो तो बहुधा त्याच वेळी.